निवृत्तीनंतर कोळवणला येण्याआधी

मुळशी तालुक्यात पौडहून कोळवणच्या रस्त्याला वळलं की ‘प्लॉट विकणे आहे’चे फलक सुरू होतात. शनिवार-रविवारी त्या फलकांपाशी थांबणाऱ्या गाड्यांमधून उतरणारी बरीचशी माणसं पन्नाशी सरत आलेली असतात. वळकी नदीच्या खोऱ्यातली भातखाचरं, मागचे डोंगर आणि पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरचं अंतर, एवढं पाहिलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘रिटायर झालो की इथंच येऊन राहायचं.’ हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांना इथं जमीनजुमला नको, पण अठ्ठावन्न किंवा साठ पूर्ण झाल्यानंतर रोजच्या दिवसाचं काय करायचं हा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांनाही तो उपयोगी पडेल.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. निवृत्तीनंतरचा दिवस छंदांनी भरत नाही. बागकाम, वाचन, पेटीवादन, फिरणं हे सगळं हवंच, पण ते आज केलं काय आणि उद्या केलं काय, कुणाचं अडत नाही. नोकरीत असताना आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडत होतं. निवृत्तीनंतर माणूस खचतो तो पगार थांबला म्हणून नाही, तर हे अडणं थांबलं म्हणून. आठवड्यात दोन-तीन वेळा का होईना, ठरलेल्या वेळी आपली कुणीतरी वाट पाहत असलं पाहिजे. बाकी सगळं त्याभोवती आपोआप बसतं.

हे समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. मुळशी, मावळ, खेड या पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईला पोटामागे गेली. कुणी गिरणीत लागलं, कुणी गोदीत-बाजारात माथाडी झालं, कुणी डबे पोचवू लागलं. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची ती व्यवस्था आजही मुख्यतः याच तालुक्यांतल्या माणसांच्या पायांवर उभी आहे. ही माणसं म्हातारपणी गावी परततात तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात पेन्शन नसते किंवा नावापुरती असते, तरी त्यांचा दिवस रिकामा नसतो. पहाटे गोठा, मग दुधाची किटली घेऊन डेअरी, पावसाळ्यात बांधावर चक्कर, दुपारी पारावर टेकणं, संध्याकाळी देवळात हरिपाठ. हरिपाठाला टाळकऱ्यांच्या रांगेत एक जागा मोकळी दिसली की अभंग संपताच विचारणा होते, ‘आज तात्या का नाय आलं?’ आणि कुणीतरी घराकडे जाऊन बघून येतं. गावात ही जागा तात्यांसाठी आधीपासून राखलेली असते. शहरातून आलेल्याला ती मिळवावी लागते आणि मिळायला दोन-तीन वर्षं जातात. म्हणून निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, तर निवृत्तीच्या आधी दोन-तीन वर्षं तयारीला लागावं.

तयारी म्हणजे काय? आधी पावसाळा काढून पाहा. जमीन घेण्यापूर्वी, घर बांधण्यापूर्वी, जुलै-ऑगस्ट असे दोन महिने कोळवणात किंवा आसपासच्या एखाद्या गावात भाड्याची खोली घेऊन राहा. ज्या हिरव्या डोंगरांवर आपण रविवारी भाळतो, त्याच डोंगरांच्या कुशीत सलग पंधरा दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा कसं वाटतं हे अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. कपडे वाळत नाहीत. पुस्तकांना, चामड्याच्या चपलांना, कपाटातल्या कागदांना बुरशी धरते, त्यामुळे पासबुकं आणि दस्त घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे लागतात. वीज गेली की कधी येईल हे सांगता येत नाही, आणि वीज गेली की थोड्या वेळानं मोबाइलची रेंजही जाते. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप या भागात आहेत. अंधारात बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही आणि बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, या सवयी पहिल्या आठवड्यातच लावून घ्याव्यात. साप चावला तर कुठं जायचं हे चावल्यावर शोधू नका. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात आधीच जाऊन सर्पदंशावरची लस तिथं आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारून या. हे दोन महिने ज्यांना मनापासून आवडले, त्यांनी खुशाल पुढचा विचार करावा. ज्यांना नाही आवडले, त्यांचे लाखो रुपये वाचले.

आता कामाचं. गावाला तुमचा काय उपयोग होईल? बँकेत, महसूल खात्यात, विमा कंपनीत, न्यायालयात नोकरी केलेल्या माणसाकडे असं एक कौशल्य असतं जे त्याला स्वतःला क्षुल्लक वाटतं आणि खेड्यात ज्याची खरी वानवा असते: कागद वाचणं. नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनधारकांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल सेवेमुळे हा दाखला बोटाच्या ठशावर घरबसल्या देता येतो. पण आयुष्यभर खुरपं, विळा आणि शेण हाताळलेल्या बाईचं बोट यंत्रावर ठेवून पाहा. ठसा इतका झिजलेला असतो की यंत्र पुन्हा पुन्हा नाकारतं. मग अंगठा पदराला पुसायचा, दुसरं बोट, दुसरा हात, आणि तोंडानं ‘माजं काय चुकलं का रं बाबा?’ असा प्रश्न. २०२१ पासून चेहरा दाखवूनही हा दाखला काढता येतो. त्यासाठी बाईंना अंगणात उजेडाला बसवायचं, डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्यायला सांगायचं आणि मोबाइल समोर धरून डोळे मिचकवायला लावायचे. दोन-चार मिनिटांचं काम. पण ते करायला शेजारी एक धीराचा माणूस लागतो आणि तो माणूस तुम्ही होऊ शकता.

अशी कामं पुष्कळ आहेत. कंपनीतून निवृत्त झालेल्यांच्या कर्मचारी पेन्शन योजना १९९५ च्या हयातीच्या दाखल्याला नोव्हेंबरची अट नाही. तो वर्षात कधीही दिला तरी पुढचे बारा महिने चालतो, ही साधी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पासष्ट वर्षांवरच्या, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असलेल्या निराधारांना श्रावणबाळ योजनेत महिना दीड हजार रुपये मिळू शकतात. त्यासाठी पौडला तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि तो एका दाखल्याच्या अभावी वर्षभर पडून राहिलेला असू शकतो. आठवड्यातला एक वार ठरवा, एक वेळ ठरवा, ग्रामपंचायतीत किंवा देवळाच्या ओसरीवर बसा. पण काही पथ्यं पाळा. दुसऱ्याचा ओटीपी विचारायचा नाही, पिन ऐकायचा नाही, कुणाच्या आधारची प्रत आपल्याजवळ ठेवायची नाही, पैसे हातात घ्यायचे नाहीत. कागद ज्याचा त्याच्या हातात परत. या बाबतीत एकदा जरी शंकेला जागा मिळाली, तरी वर्षभराचं काम वाया जातं.

शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटा आणि त्यांना काय हवं आहे ते आधी विचारा. बहुतेक निवृत्त मंडळी शाळेत जातात ती संस्कारांवर भाषण द्यायला. मुलांना भाषण नको असतं. तिसरी-चौथीतल्या पाच-सहा मुलांना शेजारी बसवून आठवड्यातून दोनदा मोठ्यानं वाचायला लावणं, अडलेला शब्द फोडून देणं, एवढंच काम वर्षभर नेमानं केलं तर त्याचं फळ दिसतं. वर्षभर हा शब्द महत्त्वाचा आहे. दिवाळीपर्यंत उत्साह आणि नंतर मुलाकडे अमेरिकेला सहा महिने, असं होणार असेल तर तसं आधीच सांगून टाका आणि तेवढ्याच मुदतीचं काम घ्या.

मराठी माणसाला या बाबतीत आदर्श शोधायला फिरावं लागत नाही. धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि १९१४ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर ते अठ्ठेचाळीस वर्षं जगले. महिला विद्यापीठ १९१६ चं, म्हणजे निवृत्तीनंतरचं. मला मात्र त्याहून मोलाचं वाटतं ते १९३६ सालचं काम. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. जिथं शाळा नव्हती अशा खेड्यांत शाळा निघाव्यात म्हणून हा माणूस पुण्यात दारोदार फिरून अगदी लहान लहान रकमा गोळा करत होता. विद्यापीठ उभारून झालेल्या माणसानं पुन्हा एवढ्या लहान कामाला हात घालावा, यात निवृत्तीनंतर जगायचं कसं ते सगळं आलं. आपण साहेब होतो हे विसरता आलं तर पुढची वाट सोपी होते. खेड्यात कुणी आपल्याला ‘मॅनेजर साहेब’ म्हणू लागलं, तर ते आपल्या नावानं किंवा काका म्हणून हाक मारू लागेपर्यंत आपलं बस्तान बसलेलं नाही असं समजावं.

कोळवणात आणखी एक वाट आहे. चिन्मय मिशनचा ‘चिन्मय विभूती’ हा आश्रम इथं आहे. टेकडीवर प्रणव गणेशाचं मंदिर, खाली सभागृह, स्वामी चिन्मयानंदांच्या जीवनावरचं प्रदर्शन, संगीत-नृत्य शिकवणारं ‘चिन्मय नादबिंदू’. स्वामीजींचा पहिला ज्ञानयज्ञ डिसेंबर १९५१ मध्ये पुण्यातच झाला होता आणि १९५३ मध्ये मिशनची स्थापना झाली. निवृत्तीनंतर अभ्यास आणि सेवा यांत दिवस घालवू इच्छिणाऱ्यांना अशा ठिकाणांची ओढ वाटते, ती स्वाभाविक आहे. सहा आठवड्यांचा ‘धर्मसेवक’ हा निवासी अभ्यासक्रम याच आश्रमात होत आला आहे. ज्यांना ओढ आहे त्यांनी आधी दोन-चार दिवसांचं शिबिर करावं, मग सहा आठवडे, आणि मग लांबच्या मुक्कामाचं बोलावं.

पण आश्रमातली सेवा म्हणजे काय याची नीट कल्पना करून जा. सेवा म्हणजे स्वागतकक्षात बसणं, हिशेब तपासणं, भाजी निवडणं, पुस्तकांवर क्रमांक घालणं, पाहुण्यांच्या खोल्या पाहणं. वेळा ठरलेल्या असतात. सूचना देणारी व्यक्ती तुमच्या मुलीच्या वयाची असू शकते. तीस वर्षं इतरांना हुकूम सोडलेल्या माणसाला हे पहिले काही आठवडे जड जातं. आणि आश्रम हा वृद्धाश्रम नव्हे. पडलो, आजारी झालो, विसर पडू लागला तर मी कुठं जाणार, हे तिथल्या लोकांशी आणि घरच्यांशी आधीच स्पष्ट बोलून घ्यावं. हे बोलताना संकोच वाटतो, पण नंतर होणाऱ्या सगळ्यांच्याच ओढाताणीपेक्षा तो बरा.

आश्रमावरून वानप्रस्थाचा विषय निघाला की एक गोष्ट मला नेहमी खटकते. मनुस्मृतीत वनात जाणाऱ्यानं पत्नीला मुलांच्या हाती सोपवावं किंवा बरोबर न्यावं, असे दोन पर्याय दिले आहेत. तिला काय हवं, हा तिसरा पर्याय तिथं नाही आणि आजही अनेक घरांत तो नसतो. नवरा निवृत्त होतो तेव्हा बायकोचं काम वाढतं. चहाच्या फेऱ्या वाढतात, दुपारची तिची तासाभराची शांतता जाते, आणि गावाकडे घर केलं की पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापणं तिच्याच वाट्याला येतं. शहरातलं तिचं भजनी मंडळ, भिशी, मैत्रिणी, रोजची ओळखीची भाजीवाली हे सगळं तुटतं, आणि आपण मात्र डोंगर बघत खूश. म्हणून कोळवणचा बेत पक्का करण्याआधी तिला विचारा, आणि ती ‘चालेल’ म्हणाली तर ते ‘हो’ आहे असं धरू नका. तिचा पुण्यातला आठवड्यातला कोणता दिवस तिला सोडायचा नाही, ते विचारा आणि तो दिवस राखून ठेवा. स्वयंपाकघरातली निदान एक वेळ आपल्या अंगावर घ्या. सकाळचा चहा-नाश्ता आणि नंतरची भांडी हे जमत नाही असं म्हणायला निवृत्त माणसाला कुठलंही कारण उरत नाही.

शेतीची हौस असेल तर जपून. इथलं पीक भात, त्यातही इंद्रायणी. ही जात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये दिली आणि आता या सगळ्या पट्ट्याची ओळख झाली आहे. जुलैत चिखलात वाकून लावणी करायला साठीनंतर कंबर साथ देत नाही. जमीन असेल तर ती वाट्यानं द्यावी आणि आपण झेपेल ते काम घ्यावं. चारसूत्री पद्धतीनं लावणी करायची तर खुणांची दोरी लागते. दोरीवर एकाआड एक पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरला खुणा, खाचराच्या दोन टोकांना दोन माणसं, आणि प्रत्येक खुणेपाशी दोन-तीन रोपांचा चूड. मग चार चुडांच्या मधे युरिया-डीएपीची गोळी खोचायची. दोरी धरणं, गोळ्या मोजून देणं, कोणत्या खाचरात किती भात झालं याची वही ठेवणं, हे काम निवृत्त माणूस उत्तम करू शकतो आणि लावणीच्या दिवशी दोरी धरणाऱ्याची वाट खरोखरच पाहिली जाते. त्या दिवशी बांधावर सगळ्यांबरोबर बसून भाकरी खाल्ली की जी ओळख होते, ती ग्रामसभेत वर्षभर बसूनही होत नाही.

जमीन घेताना मुळशीत काय काय झालं आहे ते ध्यानात ठेवा. जमिनी विकून पैसा आला, तो संपला, आणि मालकाचा मुलगा त्याच जमिनीवरच्या बंगल्याचा रखवालदार झाला, ही इथली खरी कहाणी आहे. २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटानं ती सगळ्या महाराष्ट्राला दाखवली. तुमच्या प्लॉटच्या कुंपणाशी बोलणारा माणूस कदाचित त्या जमिनीचा कालचा मालक असेल. त्याच्याशी वागताना हे मनात असू द्या. व्यवहाराचं म्हणाल तर महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं, बँकेचं, बहिणींचं नाव आहे का ते पाहा. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे घेताना १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येऊ शकतो आणि त्याचे नियम अलीकडे बदलत गेले आहेत, त्यामुळे दलालाच्या शब्दावर नाही, तर स्वतःच्या वकिलाच्या लेखी मतावर जा. तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, त्यांना भेटून वहिवाटीचा रस्ता नकाशावर आहे की नुसता तोंडी, एवढं तरी नक्की विचारा.

पैशाचं थोडक्यात. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी जमिनीत गाडू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि दर तिमाहीला व्याज हातात येतं. ते वेळापत्रक निवृत्त माणसाला सोयीचं असतं. राहतं घर मुलांच्या नावे करण्याची घाई नको. बक्षीसपत्र करायचंच असेल तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नं ती अट मोडली गेल्यास हस्तांतरण रद्द करून मागता येतं, पण अट लिहिलेलीच नसेल तर भांडण लांबतं. अडचणीत असलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदत क्रमांक आहे.

शेवटचा मुद्दा परत जाण्याचा, आणि तोच सर्वांत कमी बोलला जातो. कोळवण ते कोथरूड हे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. पिरंगुट आणि भूगावच्या कोंडीत संध्याकाळी लागणाऱ्या वेळात मोजा. १०८ ला फोन केल्यावर रुग्णवाहिका येते, पण ती यायला आणि मग पुण्यात पोचायला लागणारा वेळ हृदयविकारात जमेस धरावा लागतो. एसटीत पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरच्या पुढे प्रवास मोफत आहे, त्याचा साध्या येण्या-जाण्याला उपयोग होतो, रात्री-अपरात्री नाही. सत्तर वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण २०२४ पासून मिळू लागलं आहे. ते कार्ड इथं येण्याआधीच काढून ठेवा. पुण्यातलं घर विकून इथं येऊ नका, भाड्यानं द्या. ते शक्य नसेल तर पाषाण-बाणेरच्या ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांसाठीच्या वसाहती एकदा पाहून, तिथले दर आणि नियम विचारून ठेवा. आणि दोघांनी मिळून एका कागदावर लिहून काढा, काय घडलं की आपण परत जायचं: रात्री गाडी चालवणं जमेनासं होणं, वर्षात दुसऱ्यांदा पडणं, गॅस बंद करायला विसरणं, दोघांपैकी एकजण मागे राहणं. त्या कागदावर दोघांच्या सह्या करा, एक प्रत मुलांना द्या, एक शेजाऱ्याला, आणि दर दिवाळीला तो काढून पुन्हा वाचा.